बाप्तिस्म्यानंतरचा पश्चात्ताप : पंडिता रमाबाईंच्या धर्मजीवनाचा विचार

पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचा विचार करताना मराठी अभ्यासकांचे लक्ष बहुधा एकाच तारखेवर खिळून राहते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपल्या अडीच वर्षांच्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंचे टीकाकार या तारखेपासून त्यांच्या स्खलनाची कथा सुरू करतात, तर चाहते बंडखोरीची. दोन्ही पक्षांना धर्मांतर ही एका दिवसात पुरी झालेली घटना वाटते. रमाबाईंचा स्वतःचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. धर्म बदलला होता. ज्याला ख्रिस्ती उपदेशक तारणारा विश्वास म्हणतात तो अजून लाभलेला नव्हता. ही कबुली चरित्रकारांनी एखाद्या भाविक उद्गारासारखी उद्धृत करून सोडून दिलेली आढळते. वस्तुतः शारदासदनाचा वाद, मुक्तिसदनाचा विस्तार आणि १९०५ची तेथील विलक्षण जागृती या तिन्ही गोष्टींचा उलगडा तिच्यावाचून होत नाही.

ख्रिस्ती प्रवचनपरंपरेत पश्चात्ताप आणि विश्वास ही जोडी अविभाज्य मानली जाते. पश्चात्तापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ मनाचा पालट असा आहे. जुन्या करारातील हिब्रू क्रियापदाचा अर्थ परत फिरणे. मराठी मिशनरी वाङ्मयाने त्यासाठी पश्चात्ताप हा शब्द रूढ केला. त्याच्या घडणीत मागाहून होणारा ताप आहे, परत फिरण्याची क्रिया नाही. वारकरी संतांचा अनुताप हा शब्दही त्याच कुळातला. शब्दांच्या या गोतावळ्यात आणखी एक प्रबळ शब्द मराठी श्रोत्याच्या मनात आधीच घर करून होता, तो म्हणजे प्रायश्चित्त. दोषाचे मोजमाप करावे, त्याला शास्त्राने सांगितलेला विधी करावा, दान द्यावे, म्हणजे खाते पुन्हा कोरे होते, ही त्यामागील कल्पना. शुभवर्तमानवादी उपदेशकाचा सारा भर याच्या विरुद्ध टोकावर असतो. त्याच्या मते पापी माणसापाशी देण्याजोगे काहीच नसते. आपण रिते आहोत हे पटणे म्हणजे पश्चात्ताप, आणि रित्या हातांनी घेणे म्हणजे विश्वास. रमाबाईंच्या आयुष्यात हा भेद केवळ सैद्धांतिक राहिला नाही. त्याची किंमत त्यांच्या घराने बालपणीच मोजली होती.

अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यासाठी जातीचा रोष पत्करून पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. रमाबाईंचा जन्म तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत हा पुरुष आपल्या काळाच्या पुढे असला तरी धर्माचरणात तो पूर्णपणे परंपरेचा होता. द्रव्य सरल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते पुन्हा स्थिरावले नाही. देवळांच्या आवारात पुराण सांगावे, श्रोत्यांनी ठेवलेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा, उरलेले पुन्हा दानधर्मात आणि व्रतांत खर्च करावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. सत्तरीच्या दशकातील दुष्काळात श्रोते आटले आणि दक्षिणाही आटली. शारीरिक श्रम करणे किंवा भीक मागणे हे त्यांच्या शिकवणीत बसत नव्हते. भांडी, दागिने, कपडे विकून झाल्यावरही देवापुढची व्रते थांबली नाहीत. उलट संकट जितके गडद तितकी अनुष्ठाने कडक. अखेर तिरुपतीजवळच्या अरण्यात सर्वांनी देहत्याग करावा असे ठरले. अकरा दिवस पाण्यावर आणि पाल्यावर काढल्यानंतर वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीची तयारी केली. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने कुलाभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दर्शविली म्हणून तो प्रसंग टळला. पण शास्त्रीबुवा फार दिवस जगले नाहीत. पाठोपाठ लक्ष्मीबाई गेल्या, मग थोरली बहीण कृष्णाबाई. १८९७ साली मध्य प्रांतातील दुष्काळाचे वर्णन लिहिताना रमाबाईंनी ही हकीकत सांगितली आहे, आणि तिच्यात आईवडिलांविषयी रोष नाही. आहे ती अपार करुणा. एवढी निष्ठा, एवढे तप, आणि पलीकडून काहीच उत्तर नाही, ही ती वेदना होय. पुढे तारण फुकट मिळते हे वाक्य ज्या बाईच्या काळजाला भिडले, तिने ते विकत घेण्याच्या प्रयत्नात एक आख्खे कुटुंब संपलेले पाहिले होते.

बहीणभावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. धर्मशास्त्राच्या अध्ययनाने मात्र तिच्या श्रद्धेला तडा गेला. स्त्रीने आपल्याच देहात मोक्षाची आशा धरू नये, पतिसेवा हाच तिचा धर्म, या मतावर निरनिराळी शास्त्रे एकमत होतात असे तिला आढळले. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचावयास दिले. त्यानेही समाधान झाले नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि अ‍ॅलन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ त्यांनी समजावून घेतला. आपल्या पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे हे पतीला मान्य नव्हते. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्याचा अंत झाला, आणि कडेवर मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्याचे वर्ष घाईचे होते. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष हे सर्व १८८२चे. याच काळात फादर नेहेम्या गोरे यांचा परिचय झाला. काशीचे हे मराठी शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले होते आणि पांडित्याला पांडित्याने उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. १८८३ साली वैद्यकशिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनीसंघात राहिल्या. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. त्या धक्क्याने रमाबाई भेदरून बाप्तिस्म्याकडे वळल्या असा तर्क अनेकांनी केला आहे. तो मोहक असला तरी त्यांच्या स्वतःच्या निवेदनाशी जुळत नाही. त्यांनी दिलेले कारण अगदी वेगळे आहे. लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले घर त्यांनी पाहिले. ज्यांना शास्त्र आणि समाज दोघेही टाकतात त्यांची सेवा या बायका का करतात, असे विचारता एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना समजावून सांगितली. स्त्रीला आणि पतिताला समान प्रवेश देणारा हा धर्म आहे, एवढे रमाबाईंना पटले. बौद्धिक शंकांचे निरसन गोऱ्यांच्या पत्रांनी केले. म्हणजे १८८३च्या निर्णयात नैतिक ओढ होती आणि तर्काची संमतीही होती. आपण पापी आहोत, ही जाणीव त्यात कोठे ठळकपणे दिसत नाही.

भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी पुढील काही वर्षांत झालेला पत्रव्यवहार (महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित केला) वाचताना हे पदोपदी जाणवते. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, अथनाशियसचा विश्वासांगिकार, धर्मगुरूंचा अधिकार या प्रत्येक मुद्द्यावर रमाबाई शास्त्रार्थ करतात. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना त्यांचा आक्षेप आहे. भारतीयांना परकी भाषाच द्यायची तर संस्कृत का नको, असा त्यांचा रोख. हे खंडनमंडन वाचणाऱ्यास अभिमान वाटावा असेच आहे. वसाहतवादी अहंतेला एका परावलंबी तरुण विधवेने दिलेले उत्तर म्हणून अलीकडच्या अभ्यासकांनी त्याचे कौतुक केले ते यथार्थच होय. तथापि एक गोष्ट नजरेआड होऊ नये. जेराल्डीनबाईंचा मूळ आरोप हट्टीपणाचा होता, आणि रमाबाईंचे मूळ उत्तर सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचे. दोघींच्याही बोलण्यात धर्म म्हणजे मान्य करावयाची किंवा नाकारावयाची विधाने आहेत. वाद त्या विधानांच्या यादीविषयी होता.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ सालचे. त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि उच्चवर्णीय विधवांच्या निधर्मी शिक्षणासाठी दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. सदनात धर्मोपदेश करावयाचा नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा राहील, या अटीवर हा सर्व डोलारा उभा होता. रमाबाईंनी तिचा स्वीकार प्रामाणिकपणे केला होता. जोवर ख्रिस्ती धर्म ही त्यांच्या दृष्टीने पटलेल्या मतांची बाब होती, तोवर ती अट पाळणे जडही नव्हते. मते आपल्यापुरती ठेवता येतात.

हा समतोल १८९१च्या सुमारास ढळला, आणि त्याला निमित्त झाले एक पुस्तक. विल्यम हॅस्लम हा कॉर्नवॉलमधील बाल्डू येथील अँग्लिकन धर्मगुरू. चर्चची इमारत, विधी, परंपरा यांचा कडवा अभिमानी. आपल्या मंडळीतील एक साधा माणूस मरणाच्या दारी बदलला आणि आपल्या गुरूपाशी नसलेले काहीतरी त्याला मिळाले, याने हॅस्लम अस्वस्थ झाला. एका स्नेही धर्मगुरूने त्याला तोंडावर सांगितले की, तुझाच अजून पालट झालेला नाही. १८५१ सालच्या एका रविवारी, प्रवचन करूच नये अशा मनःस्थितीत तो व्यासपीठावर चढला. ख्रिस्ताला ओळखू न शकलेल्या परूशांविषयी बोलू लागला आणि बोलता बोलता आपण त्यांच्यातलेच आहोत हे त्याला उमगले. समोर बसलेल्या एका खेडूत उपदेशकाने उठून धर्मगुरूचा पालट झाल्याचे ओरडून जाहीर केले. उपदेशकच आपल्या उपदेशाने सापडला, अशी ही गोष्ट. इंग्लिश प्रॉटेस्टंट परंपरेला तिचा साचा परिचित होता. जॉन वेस्ली दीक्षित धर्मगुरू म्हणून दहा वर्षे काढल्यानंतर १८३८च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १७३८ साली, अशाच अनुभवातून गेला होता. हॅस्लमचे आत्मनिवेदन ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ १८८० साली प्रसिद्ध झाले आणि रमाबाईंच्या हाती लागले.

त्या पुस्तकात रमाबाईंना नवा सिद्धांत सापडला नाही. विश्वासाने तारण हे सूत्र त्यांनी वाँटेजला पाठ केलेच होते. सापडली ती स्वतःची ओळख. बाप्तिस्मा झालेला, बायबल जाणणारा, सत्कृत्यांत गढलेला, आणि तरीही आत रिता, असा हॅस्लम म्हणजे त्याच होत्या. बाप्तिस्मा, उपासना आणि विधवांची सेवा यांच्या बळावर आपले तारण होईल असे आपण धरून चाललो, असे त्यांनी पुढे लिहिले. या कबुलीचा मराठी अर्थ असा की, नाव पालटले तरी त्या अजून अनंतशास्त्र्यांच्याच वाटेवर चालत होत्या. तीर्थे आणि व्रते यांच्या जागी संस्कार आणि सेवा आली होती. देवाच्या खात्यावर काही जमा करीत राहण्याची धडपड तीच होती. त्यांचा पश्चात्ताप विलक्षण आहे तो यामुळे. दुष्कृत्यांचा पश्चात्ताप सर्वांना समजतो. रमाबाईंना पश्चात्ताप झाला तो आपल्या पुण्याईवर विसंबल्याचा. पदवी, पांडित्य, त्याग, कीर्ती यांतील कशाचीच तारणासाठी गरज नाही, आणि गरज नसलेली ती वस्तू आपण आजवर घट्ट धरून ठेवली, हे ओळखणे बुद्धिमान माणसाला सर्वांत अवघड.

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्राच्या संदर्भात हे पाऊल ध्यानात घेण्यासारखे आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८४) या ग्रंथात शंका, वाचन, वाद, घरच्यांचा विरोध आणि १८५४चा बाप्तिस्मा अशी चढती कमान आहे. बाप्तिस्मा हे तिचे शिखर. रमाबाईंच्या साक्षीत बाप्तिस्मा मधल्या वाटेवरचा मुक्काम ठरतो. शिखर नंतर आहे, आणि तेथे साक्षीदार म्हणून कोणतीही मंडळी उभी नाही.

या बदलाने शारदासदनाची अट मात्र अवघड करून टाकली. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. रमाबाईंचे म्हणणे असे की, दार बंद करणे हा त्यांच्या स्वतःच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला होईल आणि मुलींना हाकलणे हा मुलींच्या. ‘केसरी’ने या उघड्या दारावर टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना न्याय देणे अवघड आहे. विधवा मुलगी हे त्या काळचे सर्वांत असहाय माणूस. जी बाई तिला जेवू घालते, वाचायला शिकवते, केस वाढवू देते, तिच्या खोलीचे उघडे दार हे नुसते उघडे दार नसते, हे सल्लागारांना कळत होते. ते संकुचित नव्हते. उलट रमाबाईंनी कोणावर बळजबरी केल्याचा पुरावा पुढे आला नाही, आणि सदनातील आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई हिंदूच राहिल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. खरा पेच अटीत नव्हताच. जिला आपण मेलेल्यांतून जिवंत झालो असे वाटते, तिने ते मत म्हणून खिशात ठेवावे, ही अपेक्षा १८८९ साली शक्य होती, १८९३ साली उरली नव्हती.

त्यानंतरच्या वर्षांत रमाबाईंचा उपदेशक म्हणून उत्साह वाढला, आणि त्याबरोबर एक नवा मोहही आला, आकड्यांचा. १८९५ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्याबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी प्रार्थना केली ती या संख्येचा वर्ग व्हावा, पुढल्या मेळाव्याला दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी. गणिताची ही भाषा आज वाचकाला खटकते. पाठोपाठ १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने सरकारने त्यांना शहरात ठेवू दिले नाही, म्हणून केडगावच्या शंभर एकर माळावर तंबू पडले. त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, तेलघाणी, शाळा, अंधांसाठी वर्ग, पतितांसाठी कृपासदन असा तो संसार होता. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये सरली होती. निश्चित उत्पन्नाचे आश्वासन नव्हते. मुलींचे बाप्तिस्मे मात्र मोठ्या संख्येने होत होते.

दुष्काळात अन्न दिले म्हणून झालेले हे ख्रिस्ती, हा आरोप बाहेरून होतच होता. चरित्रकार त्याचे खंडन करतात आणि पुढे जातात. परंतु हा प्रश्न रमाबाईंना बाहेरच्यांपेक्षा अधिक तीव्रतेने छळत असला पाहिजे, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच आयुष्यात होते. बाप्तिस्मा घेऊन, शुद्ध हेतूने, कशाचाही लोभ नसताना, त्या स्वतः आठ वर्षे विश्वासाबाहेर राहिल्या होत्या. मग उपासमारीतून उचललेल्या, ताटात भाकरी वाढणाऱ्या बाईच्या देवाला होकार देणाऱ्या मुलीचे काय? कृतज्ञता आणि श्रद्धा यांचे बाह्य रूप सारखेच दिसते. गीते तीच, प्रार्थना तीच, मान लववणे तेच. मुक्तिसदनात पुनर्जागृतीसाठी जी आतुर प्रार्थना सुरू झाली, तिच्यामागे वेल्स आणि ऑस्ट्रेलियातील वार्तांचे कुतूहल होते हे खरे. मनोरमा आणि मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट सहकारी ऑस्ट्रेलियाला जाऊनही आल्या होत्या. पण केवळ अनुकरणाने या प्रार्थनेचा आशय कळत नाही. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र येऊन प्रार्थना करणाऱ्यांना बोलावले तेव्हा सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. मागणे एकच होते. भारतातील सर्व ख्रिस्ती लोकांचा खरा पालट व्हावा. बाप्तिस्मा झालेल्यांचाच पालट मागणारी ही प्रार्थना आहे, हे विसरून चालणार नाही.

जूनअखेरच्या एका रात्री थोरल्या मुलींच्या खोलीत एकीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. दुसरी मुलगी तिच्या अंगावर पाणी ओतण्यासाठी बादली घेऊन धावली, मग पाहते तो जाळ कोठेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने समजावून देत असता मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपली पापे बोलून दाखवू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. ज्या अध्यायात व्यभिचारात सापडलेली स्त्री आणि दगड खाली टाकणारे धार्मिक पुरुष आहेत, तोच त्या वेळी उघडलेला असावा, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. पुढले कित्येक दिवस शाळेचे तास मोडले. कबूल झालेली पापे बहुतेक लहानच. चोरी, खोटे बोलणे, मत्सर, भांडणे. दोन हजार माणसांच्या वसतिगृहात दुसरे काय असणार? पण लहान पाप नाव घेऊन, ज्याचे केले त्याच्यापुढे बोलण्यात जी किंमत असते ती मोठ्या पापाच्या सर्वसाधारण कबुलीत नसते.

अनेक युरोपीय मिशनऱ्यांना हा प्रकार उन्मादाचा वाटला. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, अंग थरथरते, पुढे काही जणी अपरिचित भाषांत बोलतात, हे सारे पाश्चात्त्य उपासनेच्या शिस्तीत बसणारे नव्हते. रमाबाई स्वभावाने संयमी; त्यांना स्वतःला हे प्रदर्शन रुचणारे होते असे नाही. तरी त्यांनी ते बंद केले नाही. भारतीय माणूस आपल्या रीतीने रडेल आणि आपल्या रीतीने देवापुढे उभा राहील, त्याला परक्या शिष्टाचाराचे माप लावू नये, ही त्यांची भूमिका होती. वाँटेजला लॅटिन अक्षरे नाकारणारी रमाबाई येथे पुन्हा दिसते. मात्र आता वाद विधानांवर नाही. त्याच वेळी आवाज, थरकाप, भाषा यांना त्यांनी पवित्र आत्म्याचा पुरावा मानले नाही. प्रेम हीच एकमेव आवश्यक खूण, असे त्यांनी मुक्तीच्या पत्रिकेत स्पष्ट केले. इतर दाने नाकारायची नाहीत, पण त्यांच्यावर श्रद्धा तोलायचीही नाही. जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासकारांनी अलीकडे केडगावला लॉस एंजेलिसच्या १९०६च्या जागृतीपूर्वीचे स्वतंत्र उगमस्थान म्हणून मान दिला आहे. तो देताना रमाबाईंनी घातलेली ही मर्यादा काहींच्या हातून निसटते.

पश्चात्ताप खरा की भावनेचा भर, याची कसोटी उपदेशकापाशी काय असते? वेस्लीपासून सर्वांनी एकच उत्तर दिले आहे, फळावरून ओळखावे. केडगावला मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडू लागल्या, गरजूंसाठी जेवण वगळून पैसा साठवू लागल्या. यांतील प्रत्येकीचे मन पालटले होते असे कोणता इतिहासकार म्हणेल? रमाबाईंनीही तसे म्हटले नाही. पंधराचा वर्ग मागणारी बाई या दिवसांत आकड्यांबद्दल पूर्वीइतकी बोलत नाही.

आयुष्याची अखेरची सुमारे सतरा वर्षे त्यांनी एका कामाला दिली, त्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. रूढ मराठी बायबल शाळा न शिकलेल्या बाईला जड जाते, हे केडगावच्या प्रवचनांत त्यांना रोज दिसत होते. तेव्हा पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. पुराणिकाच्या घरात वाढलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या या विदुषीने संस्कृतप्रचुर भाषा जाणूनबुजून बाजूला सारली आणि मूळाला धरून राहणारे, बोलीला जवळचे, वाङ्मयीन दृष्टीने काहीसे ओबडधोबड मराठी लिहिले. समीक्षकांनी त्या भाषेला फारसे गुण दिलेले नाहीत, आणि प्रवाहीपणाच्या कसोटीवर ते बरोबरच आहे. पण जिला तारणासाठी आपले पांडित्य निरुपयोगी ठरल्याचा अनुभव आला, तिने भाषांतरात ते उतरवून ठेवावे यात एक सुसंगती दिसते. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी हे सर्व काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. त्यांतील कितीतरी जणी दुष्काळात आलेल्या होत्या आणि अक्षर त्यांनी तेथेच प्रथम पाहिले होते.

मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत; ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. भाषांतर तोवर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली त्याच छापखान्यातून, त्याच बायकांच्या हातून बाहेर पडला.